आयुष्याची दोरी आणि कुपीवरची चिठ्ठी

एखादा माणूस मोठ्या अपघातातून सुखरूप बचावला की ‘त्याची आयुष्याची दोरी बळकट होती’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. आयुष्य म्हणजे एक धागा, ही कल्पना प्राचीन ग्रीकांनाही सुचली होती. त्यांच्या पुराणकथांत तीन भगिनी देवता प्रत्येक माणसाचे आयुष्य ठरवतात. क्लोथो धागा कातते, लॅकेसिस तो मापते आणि ॲट्रोपॉस तो कापून टाकते. यांपैकी सूत कातणाऱ्या देवतेचे नाव १९९७ साली जपानी संशोधकांनी उंदराच्या एका जनुकाला दिले. त्या जनुकाच्या आज्ञेने शरीरात जे प्रथिन तयार होते, तेही आज जगभर ‘क्लोथो’ याच नावाने ओळखले जाते.

वार्धक्याच्या अभ्यासात या प्रथिनाला महत्त्वाचे स्थान आहे. मानवी क्लोथो आता प्रयोगशाळेत तयार केले जाते आणि मायक्रोग्रॅमच्या मापाने काचेच्या कुप्यांतून विकले जाते. प्रत्येक कुपीवर एक चिठ्ठी असते : ‘केवळ संशोधनासाठी. मानवी उपयोगासाठी नाही.’ या चिठ्ठीचा अर्थ नीट समजून घेणे व्यापारी कुटुंबांना दोन कारणांनी अगत्याचे आहे. औषधे, रसायने आणि आरोग्य-पूरकांच्या व्यापारात अशा कुटुंबांतील अनेकजण आहेत, हे एक. आणि ‘वय मागे नेणारे’ उपचार विकणाऱ्यांची पावले अखेरीस ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत आणि गाठीला पैसा आहे अशाच दारांकडे वळतात, हे दुसरे.

अपघाताने लागलेला शोध

माकोतो कुरो-ओ, योइची नाबेशिमा आणि त्यांचे सहकारी जपानमध्ये उंदरांवर काम करीत होते. मूळ विषय वार्धक्याचा नव्हता, उच्च रक्तदाबाचा होता. उंदरांच्या शरीरात बाहेरून घातलेला डीएनएचा तुकडा एका वंशात भलत्याच जागी जाऊन बसला आणि तोवर अज्ञात असलेल्या एका जनुकाचे काम त्यामुळे बंद पडले. त्या वंशातील पिले पहिले तीन आठवडे इतर पिलांसारखीच वाढत. त्यानंतर मात्र त्यांची वाढ खुंटे. रक्तवाहिन्या कठीण होत, हाडे विरळ होत, त्वचा पातळ पडे, फुप्फुसांची लवचीकता जाई आणि जननक्षमता उरत नसे. सुमारे दोन महिन्यांत ती मरत. प्रयोगशाळेतील निरोगी उंदीर दोन ते तीन वर्षे जगतो, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेचे गांभीर्य कळते. म्हातारपणाशी जोडली जाणारी इतकी लक्षणे केवळ एका जनुकाच्या अभावी एकत्र दिसावीत, हे विज्ञानाला नवे होते.

पुढे कुरो-ओ अमेरिकेत डॅलस येथे गेले. तेथे त्यांनी उलट बाजूने प्रश्न विचारला : हे प्रथिन कमी पडले तर आयुष्य तुटते, ते अधिक असेल तर काय होईल? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्या उंदरांच्या शरीरात क्लोथो अधिक तयार होत होते, त्यांतील नरांचे आयुष्य २० ते ३० टक्क्यांनी आणि माद्यांचे सुमारे १९ टक्क्यांनी वाढले. त्यांची संतती मात्र कमी झाली. निसर्गाच्या जमाखर्चात एका बाजूला भर पडली की दुसऱ्या बाजूला काहीतरी वजा होते, याचा हा नमुना म्हणता येईल.

मूत्रपिंड आणि फॉस्फेटचा हिशेब

क्लोथो हे प्रथिन १,०१२ अमिनो आम्लांची लांब साखळी आहे. मानवी शरीरात त्याचे जनुक तेराव्या गुणसूत्रावर असते. प्रथिनाचे सर्वाधिक उत्पादन मूत्रपिंडात होते, काही प्रमाणात मेंदूतही होते. पेशीच्या आवरणात ते रुतून बसलेले असते आणि त्याचा मोठा भाग पेशीबाहेर असतो. हा बाहेरचा भाग कापला जाऊन रक्तात मिसळतो व शरीरभर फिरतो.

त्याचे सर्वांत स्पष्ट समजलेले काम फॉस्फेटशी संबंधित आहे. अन्नातून फॉस्फेट शरीरात येते. ते हाडांना हवे असते, पण रक्तात अधिक साठले तर रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चुन्यासारखे थर बसू लागतात. म्हणून हाडे एफजीएफ-२३ नावाचे संप्रेरक रक्तात सोडून मूत्रपिंडाला कळवतात की जादा फॉस्फेट लघवीवाटे बाहेर टाकावे. मूत्रपिंडाला हा निरोप ऐकू येण्यासाठी क्लोथोची जोड लागते. मालकाने पेढीवर निरोप धाडावा आणि तो घेणारा मुनीमच जागेवर नसावा, तशी अवस्था क्लोथोविना होते. क्लोथो नसलेल्या उंदरांना फॉस्फेट कमी असलेला आहार दिला असता त्यांची अनेक लक्षणे ओसरली, यावरून या हिशेबाचे महत्त्व सिद्ध झाले.

माणसातही मूत्रपिंड दुर्बल होऊ लागले की क्लोथो घटू लागते, आणि ही घट आजाराच्या बऱ्याच आधीच्या टप्प्यात सुरू होते. दीर्घकालीन मूत्रपिंड-विकार असलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्या व हाडे वयाच्या मानाने लवकर जीर्ण का होतात, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग येथे सापडतो. क्लोथोच्या संशोधनाकडे मूत्रपिंड-तज्ज्ञ आशेने पाहतात ते याच कारणासाठी.

कुपी कशी तयार होते

मानवी शरीरातून हे प्रथिन काढून त्यावर प्रयोग करणे शक्य नाही, कारण त्याचे प्रमाण अत्यल्प असते. म्हणून मानवी जनुकातील आवश्यक मजकूर घेऊन तो प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या लहान वर्तुळात जोडला जातो आणि ते वर्तुळ जिवंत पेशींत घातले जाते. वेगवेगळ्या ठिकाणचा डीएनए असा एकत्र जोडला जातो म्हणून या पद्धतीने बनलेल्या प्रथिनाला रिकॉम्बिनंट, म्हणजेच पुनःसंयोजित, असे म्हणतात. इन्सुलिनसारखे लहान प्रथिन जिवाणूंकडूनही करवून घेता येते. क्लोथो मोठे आहे, त्याला शर्करेच्या साखळ्या लागलेल्या असतात आणि त्याची घडी नीट पडावी लागते. म्हणून त्यासाठी बहुधा सस्तन प्राण्यांच्या पेशी वापरतात. या कामी दोन पेशीवंश विशेष प्रचलित आहेत. एक चिनी हॅमस्टर या कृंतक प्राण्याच्या अंडाशयातून १९५७ साली मिळवलेला, आणि दुसरा नेदरलँड्समधील लायडन येथे १९७३ साली मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंड-पेशींपासून तयार झालेला. तेव्हापासून त्याच पेशी विभाजित होत आल्या आहेत.

पेशी आपल्या भोवतालच्या पोषक द्रवात प्रथिन सोडतात. तो द्रव गाळून स्तंभांतून नेला जातो. पुष्कळदा प्रथिनाच्या टोकाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाची एक छोटी शेपटी मुद्दाम जोडलेली असते. ती निकेलला चिकटते, त्यामुळे हवे ते प्रथिन स्तंभात अडकते आणि बाकीचे वाहून जाते. शुद्ध झालेले प्रथिन गोठवून सुकवतात आणि अतिशीत तापमानात ठेवतात. एका कुपीत १०, ५० किंवा १०० मायक्रोग्रॅम माल असतो. शंभर मायक्रोग्रॅमचे वजन मिठाच्या एक-दोन कणांहून फारसे अधिक नसते. प्रवासात थंडी राखली गेली नाही, किंवा कुपी वारंवार वितळवून पुन्हा गोठवली गेली, तर प्रथिनाची घडी मोडते आणि डोळ्यांना काहीही फरक न दिसता माल निकामी होतो.

म्हणून या मालासोबत विश्लेषण-पत्र येते. त्यात शुद्धता किती, जिवाणूंच्या आवरणातून येणारे एंडोटॉक्सिन किती आणि प्रथिन प्रत्यक्ष काम करते की नाही, याची नोंद असते. तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची. प्रथिन शुद्ध असूनही मृतवत असू शकते. एफजीएफ-२३ च्या जोडीने ते पेशींना योग्य तो संदेश पोहोचवते, हे तपासल्यावरच त्याच्या नावाला अर्थ येतो.

मापाचीच चूक झाली तर

वार्धक्याच्या संशोधनात मापाचा प्रश्न किती गंभीर ठरू शकतो, हे दुसऱ्या एका प्रथिनाच्या इतिहासावरून दिसते. २०१३ साली अमेरिकेतील हार्वर्डच्या संशोधकांनी असे मांडले की जीडीएफ-११ हे प्रथिन उंदरांच्या रक्तात वयाबरोबर घटते आणि ते बाहेरून दिले असता म्हाताऱ्या उंदराच्या हृदयाची जाड झालेली भिंत पुन्हा पातळ होते. पुढील वर्षी स्नायू व मेंदूविषयीही असेच निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जगभर ‘तारुण्याचे प्रथिन’ म्हणून त्याचा गाजावाजा झाला. २०१५ साली दुसऱ्या एका गटाने दाखवून दिले की मोजमापासाठी वापरलेले प्रतिपिंड जीडीएफ-११ आणि त्याचे जवळचे भावंड मायोस्टॅटिन यांत भेदच करू शकत नव्हते. या दोन प्रथिनांची क्रियाशील रचना सुमारे ९० टक्के सारखी आहे. त्या गटाच्या मोजमापात जीडीएफ-११ वयाबरोबर घटत नव्हते आणि ते दिल्याने स्नायूंची दुरुस्ती सुधारण्याऐवजी मंदावत होती. पहिल्या गटाने आपली बाजू सोडली नाही आणि वाद दीर्घकाळ चालला.

‘मापात पाप’ होऊ नये हा व्यापाराचा जुना दंडक आहे. येथे कोणाच्या मनात पाप होते असे नाही. तराजू प्रामाणिक माणसाच्या हाती होता, फक्त तो दोन वेगळ्या धान्यांना एकच धान्य समजत होता. क्लोथोच्या बाबतीतही रक्तातील प्रमाण मोजणाऱ्या निरनिराळ्या चाचणी-संचांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, असे आढळले आहे. अशा स्थितीत ‘क्लोथो-पातळी’ तपासून कोणी एखाद्या गृहस्थाला त्याचे ‘खरे वय’ सांगू लागला, तर त्या आकड्यावर किती विसंबावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

जीवदयेच्या दृष्टीने

हे प्रथिन कशापासून बनते, असा प्रश्न जैन कुटुंबात उठणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. पुनःसंयोजित प्रथिनांनी हिंसा कमी केल्याची उदाहरणे ठळक आहेत. १९२२ पासून सुमारे साठ वर्षे मधुमेही माणसांचे इन्सुलिन कत्तलखान्यातील गायी व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जात असे. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिन जिवाणूंकडून तयार करवून घेण्यात यश आले, १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि त्यानंतर प्राण्यांच्या ग्रंथींची गरज झपाट्याने ओसरली. चीज बनवण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरले जाई. तेच विकर सूक्ष्मजीवांकडून करवून घेण्यास अमेरिकेत १९९० मध्ये परवानगी मिळाली. एंडोटॉक्सिन तपासण्यासाठी घोड्याच्या नालेसारखे कवच असलेल्या हॉर्सशू क्रॅब या सागरी जीवाचे निळे रक्त वापरतात. त्यालाही पुनःसंयोजित पर्याय निघाला असून युरोपीय औषधसंहितेने २०२१ पासून त्या पद्धतीला स्थान दिले आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पेशी वाढवण्याच्या द्रवात अनेक ठिकाणी आजही गर्भस्थ वासराच्या रक्तातील सीरम घालतात. सीरमविरहित द्रव उपलब्ध आहेत व त्यांचा वापर वाढत आहे, पण तो सर्वत्र झालेला नाही. आणि क्लोथोविषयी आज जे काही ज्ञान आहे, त्याचा मोठा भाग उंदरांवरील प्रयोगांतूनच आलेला आहे. ज्यांना या बाबतीत विवेकाने निर्णय घ्यावयाचा आहे, त्यांनी ‘प्रयोगशाळेत बनलेले’ या शब्दांवर समाधान न मानता पेशी कोणत्या आणि पोषक द्रव कोणता, असे दोन प्रश्न विचारावेत. चांगला उत्पादक या प्रश्नांची उत्तरे लेखी देतो.

आशा आणि तिची मर्यादा

२०२३ साली अमेरिकेतील येल आणि सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी वृद्ध ऱ्हिसस माकडांना क्लोथोची एकच अल्प मात्रा त्वचेखाली टोचली. लपवलेला खाऊ कोठे आहे हे लक्षात ठेवण्याच्या कसोटीत त्यांची कामगिरी सुधारली आणि हा परिणाम किमान दोन आठवडे टिकला. मात्रा वाढवली तेव्हा मात्र तसा लाभ दिसला नाही. थोडे गुणकारी असेल तर अधिक अधिक गुणकारी असावे, हा सामान्य तर्क येथे लागू पडला नाही. शिवाय रक्तातील क्लोथो मेंदूत फारसे शिरत नाही, मग मेंदूवर त्याचा परिणाम होतो तरी कसा, या कोड्याचा शोध अद्याप चालू आहे.

माणसासाठी औषध म्हणून क्लोथोला कोणत्याही प्रमुख औषध-नियामकाची मान्यता मिळालेली नाही. कुपीवरची चिठ्ठी हेच सांगते. संशोधनासाठीच्या कुपीतील माल निर्जंतुक असेलच असे नाही. त्याची प्रत्येक खेप औषधाच्या निकषांवर तपासलेली नसते. आणि सर्वांत मोठा धोका डोळ्यांआड राहतो. बाहेरून आलेल्या मानवी प्रथिनाला शरीर कधी परके समजते आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ती प्रतिपिंडे मग शरीराच्या स्वतःच्या प्रथिनावरही हल्ला करतात. पुनःसंयोजित एरिथ्रोपोएटिन हे मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्तवाढीसाठी दिले जाणारे मान्यताप्राप्त औषध. १९९८ नंतरच्या काही वर्षांत त्याच्या एका प्रकारामुळे काही रुग्णांत नेमके हेच घडले. त्यांच्या अस्थिमज्जेत तांबड्या पेशी तयार होणे जवळजवळ थांबले आणि त्यांना वारंवार रक्त चढवावे लागले. पूर्ण तपासणीतून गेलेल्या औषधाची ही कथा असेल, तर ‘केवळ संशोधनासाठी’ असलेली कुपी कोणाच्या शरीरात टोचण्याचा विचारही किती अविवेकी आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेत औषधांची उलाढाल करणाऱ्यांना चिठ्ठीचे महत्त्व शिकवावे लागत नाही. ज्या मालावर जे लिहिले आहे तोच त्याचा उपयोग, हे तेथे पिढ्यान्‌पिढ्या मानले जाते. संशोधनाचा माल संशोधन-संस्थेलाच विकणे, त्याची नोंद ठेवणे आणि उपचाराच्या नावाखाली तो मागणाऱ्यास नम्रपणे नकार देणे, यात एक सौदा बुडतो. पण त्या नकारामुळे कोणाची तरी आई किंवा वडील एका अनर्थापासून वाचतात, आणि ते वाचले हे त्या दुकानदाराला कधी कळतही नाही.

घरात करता येण्याजोगे

क्लोथो बाहेरून घेता येत नसले तरी ज्या मूत्रपिंडात ते तयार होते, त्याची काळजी घेता येते. रक्तदाब व रक्तशर्करा आटोक्यात ठेवणे, वेदनाशामक गोळ्या मनाने न घेणे, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन तपासून घेणे, या साध्या गोष्टींना आजही पर्याय नाही.

आहाराविषयी एक उल्लेखनीय अभ्यास २०११ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केला. मूत्रपिंड-विकाराच्या नऊ रुग्णांना एक आठवडा शाकाहारी आणि एक आठवडा मांसाहारी जेवण दिले गेले. दोन्हींतील फॉस्फरस सारखाच होता, तरी शाकाहाराच्या आठवड्यात रक्तातील फॉस्फरस व एफजीएफ-२३ दोन्ही कमी आढळले. धान्य व डाळींतील फॉस्फरस बहुतांशी फायटेटच्या रूपात असतो आणि मानवी आतडे तो पूर्णपणे शोषू शकत नाही, हे त्याचे कारण. रुग्णांची संख्या लहान होती हे खरे, पण निष्कर्षाची दिशा स्पष्ट आहे.

मात्र केवळ शाकाहार केल्याने निश्चिंत होता येत नाही. कारखान्यात तयार होणाऱ्या खाद्यपदार्थांत मिसळलेली फॉस्फेटे जवळजवळ संपूर्ण शोषली जातात. प्रक्रिया केलेले चीज, कोला पेये, झटपट बनणारे पदार्थ यांत ती आढळतात. वेष्टनावर ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२ हे आयएनएस क्रमांक दिसले तर तो पदार्थ फॉस्फेटयुक्त आहे असे समजावे. फरसाणातील मीठ आणि पंगतीतील गोड यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार जडलेला आहे, त्यांनी डाळी व फळांचे प्रमाणही वैद्याच्या सल्ल्यानेच ठरवावे.

क्लोथोवरील संशोधन पुढे जात राहील आणि त्यातून एक दिवस मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी खरे औषध निघू शकेल. तोवर घरातील ज्येष्ठांसाठी कोणी दीर्घायुष्याची कुपी घेऊन आले, तर तिची किंमत विचारण्यापूर्वी तिच्यावरची चिठ्ठी मोठ्याने वाचून घ्यावी.